सिमेंटमध्ये बायोचार: सुरुवात पेव्हर ब्लॉकपासून करा

बायोचार म्हणजे काडीकचरा हवा कोंडून भाजून केलेला कोळसा. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस पट्ट्यात उसाचं पाचट भरपूर, म्हणून त्याच्या कच्च्या मालाची चिंता नको. पण साखर कारखान्याच्या बॉयलरची राख म्हणजे बायोचार नव्हे. हवा कोंडून साधारण 500 अंशांवर भाजलेला काळा कोळसा हवा. पांढरट राख जास्त दिसली, तर भट्टीत हवा शिरतेय असं समजा.

कोळसा दळून 150 मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. पाचटात क्षार असतात, म्हणून पाण्यानं धुऊन घ्या. तरीही लोखंड असलेल्या स्लॅब-कॉलमच्या वाटेला जाऊच नका. क्षारांतल्या क्लोराइडनं सळई गंजते.

प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के, म्हणजे 50 किलोच्या पोत्याला 500 ग्रॅम ते 1 किलो. हे कोरड्या कोळशाचं वजन. "थोडा जास्त टाकू, सिमेंट वाचेल" हा मोह आवरा, 5 टक्क्यांपुढे ताकद सहसा घसरते.

खरी गोची पाण्यात होते. कोरडा कोळसा मिक्सरमधलं पाणी पितो, माल घट्ट होतो, मग गडी बादलीभर पाणी ओततो आणि ब्लॉक कच्चे निघतात. म्हणून आदल्या रात्री भिजवून, सकाळी निथळून, ओलसरच वापरा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. आत साठलेलं हे पाणी पुढं क्युरिंगला, म्हणजे ब्लॉक ओला राहून पक्का व्हायला, उपयोगी पडतं. वरून पाणी मारणं मात्र चुकवू नका.

बायोचारचे आणि बिनबायोचारचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) एकाच दिवशी भरा. 7 आणि 28 दिवसांनी लॅबमध्ये फोडून बघितल्याशिवाय ऑर्डर घेऊ नका. रंग काळपट येतो, गिऱ्हाइकाला आधीच सांगा.