लग्नपत्रिकेची एपीके फाईल उघडली, आता काय करू?

प्रश्न: ताई, परवा मावसभावाच्या नंबरवरनं व्हॉट्सॲपला लग्नपत्रिका आली, लग्नसराई आहे म्हणून लगेच उघडली तर काहीतरी इन्स्टॉल झालं, पत्रिका दिसलीच नाही. आता माझ्या नंबरवरनं तीच फाईल सगळ्या ग्रुपवर जातीये. पैसे अजून गेले नाहीत, पण द्राक्षाचं पेमेंट याच खात्यात यायचंय. फाईल डिलीट केली, तेवढं पुरे ना?
- एक वाचक, मखमलाबाद, नाशिक

उत्तर: नाही दादा, अजिबात पुरे नाही. एपीके म्हणजे ॲप बसवणारी फाईल, ती गेली तरी ॲप फोनमध्ये बसलेलंच आहे, बऱ्याचदा आयकॉनसुद्धा लपवतं. इन्स्टॉल करताना ‘अलाऊ’ दाबत गेलात त्यात एसएमएस वाचायची परवानगी गेली असणार, म्हणजे बँकेचा ओटीपी परस्पर चोरांकडे. म्हणून तर ओटीपी कुणालाच न सांगणाऱ्या माणसांचीही खाती रिकामी होतात, आणि वरनं घरचेच त्यांना बोलतात, याचं फार वाईट वाटतं.

आत्ता हे वाचताय तसंच उठा, डेटा आणि वायफाय बंद करा, सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये टाका. त्यावरनं बँकेला फोन लावून यूपीआय, नेटबँकिंग बंद करायला सांगा. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचाच घ्या, गुगलवर शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअरवाले टपूनच बसलेत. मग ##००२# डायल करा, कॉल दुसरीकडे वळवले असतील तर बंद होतात. पासवर्ड दुसऱ्याच्या चांगल्या फोनवरनं बदला, तुमच्या या बिघडलेल्या फोनवरनं नको.

ॲप सेटिंग्जमधनं उडत नसेल तर डिव्हाइस ॲडमिनची, म्हणजे ॲपला फोनचा ताबा देणारी, परवानगी काढून बघा. पण खरं सांगू, आतले फोटो दुसरीकडे कॉपी करून घ्या आणि फोन सरळ फॅक्टरी रीसेट मारा. मग व्हॉट्सॲप नव्याने टाकून लिंक्ड डिव्हाइसेसमधलं अनोळखी सगळं लॉगआउट करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. मावसभावाचा फोनही असाच फसलेला असणार, त्याला फोनच करा, मेसेज नको.

पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. चोर पैसे एका खात्यातनं दुसऱ्यात फिरवत असतात, ते काढायच्या आत कळवलं तर रक्कम गोठवता येते, उशीर झाला की हाती काही लागत नाही. आणि रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, तुम्ही कळवल्यानंतर जे जातं ते बँकेच्या अंगावर. म्हणून आज बँकेला फोन कराल तेव्हा तक्रार नंबर मागून घ्या, तारीख-वेळेसकट लिहून ठेवा, ‘हो हो, नोंद झाली’ एवढ्यावर फोन ठेवू नका.