घोडागाडी आणि इंग्लंडमधली काउंटी, दोन्हींना एकच शब्द कोणता?

उत्तर आहे 'सरे'.

सरे ही लंडनच्या दक्षिणेकडची काउंटी. तिथे बनणाऱ्या एका हलक्या घोडागाडीला 'सरे कार्ट' म्हणत. ती अमेरिकेत गेली, तिचं रूप बदललं आणि नावातलं 'कार्ट' गळून नुसतं 'सरे' उरलं. १९व्या शतकाच्या अखेरीस तिकडे ती घरोघरची गाडी होती: चार चाकं, दारं नाहीत, एकामागे एक दोन बाकं, चौघांची सोय. बऱ्याच गाड्यांना वर सपाट छत आणि त्याच्या कडेने झालर. घोडा दुडक्या चालीने निघाला की ती झालर हलायची, मला तर तेच सगळ्यात आवडतं.

आपल्याला काउंटीचं नाव क्रिकेटमुळे ओळखीचं. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला हरवलं ते ओव्हल म्हणजे सरे क्लबचंच मैदान.