ज्येष्ठमध रोज चघळावा का?

प्रश्न : मी गाणं शिकते. घसा साफ राहावा म्हणून वर्षभर रोज ज्येष्ठमधाची कांडी चघळतेय. हल्ली संध्याकाळी पाय सुजतात आणि परवा बीपी १५०/९४ निघालं. याचा त्याच्याशी संबंध असेल का? (वय ४८)

दाट शक्यता आहे. कांडी आजच बंद करा आणि रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या. आपल्या शरीरातल्या कॉर्टिसॉल या हार्मोनला मूत्रपिंडातलं एक एन्झाइम निष्प्रभ करत असतं. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन नेमकं तेच एन्झाइम अडवतं. मग कॉर्टिसॉल मोकाट सुटतं : मीठ आणि पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. सूज आणि बीपी येतं ते इथून. पोटॅशियम फारच उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधला ५४ वर्षांचा एक बांधकाम कामगार काही आठवडे रोज दीड पाकीट काळं लिकोरिस, म्हणजे ज्येष्ठमधाची मिठाई, खात होता. त्याचं हृदय बंद पडून मृत्यू झाल्याची नोंद २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली.

दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर ग्लायसिरायझिन नको, असा युरोपातल्या तज्ज्ञांचा सल्ला आहे. पण काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या कांडीत ते किती, हे कोण मोजणार? म्हणून मी दिवस मोजायला सांगतो. घसा बसला, चार दिवस चघळलं, सोडून दिलं; निरोगी माणसाला एवढ्यानं सहसा काही होत नाही. वर्षभर रोज म्हणजे ते औषध झालं, आणि तेही कुणी लिहून न दिलेलं. सूज उतरायला, बीपी खाली यायला काही आठवडे लागू शकतात. तोवर बीपीची गोळी चालू असेल तर मनानं थांबवू नका. लघवी वाढवणारी गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनी तर ज्येष्ठमधाच्या वाटेला जाऊच नये.

प्रश्न : इतका गोड, मग दात किडत नाहीत?

हा गोडवा मुख्यतः ग्लायसिरायझिनचा, साखरेच्या किमान तीसपट. किडीचे जंतू त्यावर साखरेसारखे पोसले जात नाहीत. उलट ज्येष्ठमधाच्या मुळीतले काही घटक स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स या जंतूला आवर घालतात. पण हे प्रयोगशाळेत दिसलंय, त्यावर विसंबून ब्रश सोडू नका. बाजारातल्या ज्येष्ठमधाच्या चोखायच्या गोळ्या मात्र बहुतेक वेळा साखरेच्याच. त्या गालात धरून झोपलात तर दातांचं व्हायचं तेच होणार.

प्रश्न : तोंड आलंय. ज्येष्ठमधाच्या पाण्यानं गुळण्या चालतील?

चालतील, थुंकून टाका म्हणजे झालं. पोटात फारसं जातच नाही. शस्त्रक्रियेत भूल देताना नळी घातल्यानं घसा दुखतो, तो आधी केलेल्या अशा गुळण्यांनी कमी दुखतो असं चाचण्यांत दिसलं आहे. पण तीन आठवडे झाले तरी जखम भरत नसेल, त्यातून तंबाखूची सवय असेल, तर गुळण्या करत बसू नका. दंतवैद्याला तोंड उघडून दाखवा.

प्रश्न : सहावा महिना चालू आहे. खोकल्यासाठी काढा घेऊ का?

ज्येष्ठमधाचा नको. मीठ-पाण्याच्या गुळण्या करा आणि खोकल्याचं औषध तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.