स्वतंत्र चर्च म्हणजे कोणाचं? त्यांची मदत घ्यायची तर सभासद व्हावं लागतं का?

नाही. स्वतंत्र म्हणजे कुठल्याच संप्रदायाच्या हाताखाली नसलेलं. बेळगावात कॅथलिकांचा १९५३ पासून स्वतःचा धर्मप्रांत आहे, वर बिशप. स्वतंत्र चर्चला तसं कोणी नसतं. कारभार पास्टर आणि वडीलमंडळी बघतात, पैसा मुख्यतः सभासदांच्या दशमांशातून, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा ते चर्चला देतात त्यातून. हिशेब चोख की नाही, हे मात्र ज्या-त्या चर्चवर. सभासद व्हायचंच असेल तर तेवढं आधी विचारा.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात चिकोडीकडे आमच्या मावशीच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं. अशाच एका चर्चची पोरं आली, घमेल्यांनी चिखल उपसला, तांदूळ-डाळ दिली. रेशनकार्डसुद्धा मागितलं नाही. जाताना 'प्रार्थना करू का?' एवढंच विचारलं. मावशी म्हणाली, "करा की, पण आधी च्या घ्या."