लाडक्या मालिकेचा शेवट चाहत्यांना का खटकतो? लेखकांनी तो आधी ठरवलेला नसतो म्हणून का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. वर्षानुवर्षे डोक्यावर घेतलेल्या मालिकांचे शेवट चाहत्यांना इतके का खटकतात, हा पहिला. आणि लेखकांनी शेवट आधी ठरवून ठेवलेला नसतो, हेच त्याचे कारण आहे का, हा दुसरा. मला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण 'यांना स्वतःलाच शेवट ठाऊक नव्हता' हा आरोप चाहत्यांच्या चर्चेत इतक्या वेळा ऐकू येतो की त्याला पुरावा मागण्याचीही कुणाला गरज वाटत नाही. हा आरोप मीही पूर्वी हिरिरीने केलेला आहे. आता मात्र माझे मत जवळजवळ उलटे झाले आहे: शेवट आधी ठरलेला असणे हेच काही मालिकांच्या मुळावर आलेले दिसते. (पुढे 'हाउ आय मेट युअर मदर', 'ब्रेकिंग बॅड', 'गेम ऑफ थ्रोन्स' आणि 'लॉस्ट' यांचे शेवट उघड केलेले आहेत. यांपैकी काही पाहायचे राहिले असेल, तर वाचन येथेच थांबवावे.)

माझे मत बदलले ते 'हाउ आय मेट युअर मदर'मुळे. 2005 ते 2014 या काळात नऊ पर्वे आणि 208 भाग चाललेल्या या मालिकेची चौकट अशी आहे की, 2030 साली टेड नावाचा बाप आपल्या दोन मुलांना सोफ्यावर बसवून, त्यांची आई आपल्याला कशी भेटली हे सांगतो. मुलांची कामे करणारे कलाकार पुढे मोठे होणार, हे ओळखून निर्मात्यांनी शेवटच्या भागातील त्यांचे दृश्य दुसऱ्या पर्वाच्या सुमारास, म्हणजे 2006 मध्येच, चित्रित करून जपून ठेवले. त्या दृश्यात आई जाऊन सहा वर्षे झाल्याचे कळते, आणि टेडच्या जुन्या मैत्रिणीविषयी, 'तुमचे रॉबिनवरच प्रेम आहे, तिच्याकडे जा' असे मुले वडिलांना सांगतात. शेवट आधी ठरलेला असावा, अशी ज्यांची मागणी असते त्यांना याहून पक्की तयारी कुठे मिळणार?

पण मधल्या आठ वर्षांत गोष्ट चालत राहिली आणि चालता चालता दुसरीकडे गेली. टेड आणि रॉबिन यांचे जमत नाही, हे मालिकेनेच आपल्याला इतक्या प्रकारे पटवून दिले की टेडने तिला मनातून सोडून दिल्याचे दृश्यसुद्धा नवव्या पर्वात आले. ते जवळजवळ अख्खे पर्व रॉबिन आणि टेडचा मित्र बार्नी यांच्या लग्नाच्या एका शनिवार-रविवारवर खर्ची पडले. शेवटच्या भागात मात्र त्या लग्नाचा घटस्फोट काही मिनिटांत उरकला. आणि जिची आठ वर्षे वाट पाहायला लावली ती आई, म्हणजे ट्रेसी, क्रिस्टिन मिलिओटी हिने इतक्या सहजपणे उभी केली की प्रेक्षकांना ती पहिल्या भेटीतच आवडली. तिचा मृत्यू मालिकेने जवळजवळ जाता जाता सांगून टाकला. त्यानंतर सोफ्यावरची ती मुले दिसतात, किंचित हसत, वडिलांची फिरकी घेत. मी ते दृश्य दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा मला एकदम उमगले की काय चुकते आहे. ज्या वर्षी ती मुले कॅमेऱ्यासमोर बसली, त्या वर्षी ट्रेसीच्या भूमिकेसाठी कुणाची निवडच झालेली नव्हती. जिचा चेहरा अजून कुणीच पाहिलेला नव्हता, अशा आईविषयी ती बोलत होती, आणि हा कोरेपणा पडद्यावर उतरला आहे. लेखकांना शेवट ठाऊक होता, इतकेच नव्हे तर तो डबीत बंद होता. आणि पात्रे बदलली तरी डबी उघडायचीच, असा त्यांचा हट्ट राहिला.

याच्या अगदी विरुद्ध उदाहरण 'ब्रेकिंग बॅड'चे आहे. अमली पदार्थ बनवू लागलेल्या वॉल्टर व्हाइट या शिक्षकाची, पाच पर्वांची, 62 भागांची ही मालिका 29 सप्टेंबर 2013 रोजी संपली आणि तिचा शेवट बहुतेक चाहत्यांनी समाधानाने स्वीकारला. 'पहा, कसे सगळे आधीपासून आखलेले होते' असे तिच्याविषयी हमखास म्हटले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. वॉल्टरचा साथीदार जेसी हे पात्र पहिल्याच पर्वात मारून टाकण्याचा मालिकेचे निर्माते विन्स गिलिगन यांचा विचार होता. जेसीची भूमिका करणाऱ्या आरन पॉलचे काम पाहून त्यांनी तो सोडून दिला. पाचव्या पर्वाच्या सुरुवातीला वॉल्टर व्हाइट आपल्या बावन्नाव्या वाढदिवशी गाडीच्या डिकीतील मशीनगन ताब्यात घेतो, ते दृश्य लिहिताना या बंदुकीचे पुढे काय होणार, हे लेखकांना माहीत नव्हते, असे गिलिगन यांनीच सांगितले आहे. त्यांनी स्वतःला कोंडीत पकडले आणि मग पात्रांच्या स्वभावातून वाट शोधली.

तरीही माझ्या दृष्टीने त्या मालिकेचा खरा शेवट बंदुकीत नाही. शेवटच्या भागात वॉल्टर बायकोला भेटायला येतो. पाच पर्वे जो माणूस 'मी हे सारे कुटुंबासाठी केले' असे ऐकवत आला, तो पुन्हा तेच म्हणणार, असे गृहीत धरून स्कायलर त्याला अडवते. त्यावर तो कबूल करतो की हे त्याने स्वतःसाठी केले, त्याला ते आवडत होते, त्यात तो वाकबगार होता. आपण त्याच्याबरोबर पाच पर्वे जो खोटेपणा वागवत आलो, तो त्या एका कबुलीत सुटतो. हे वाक्य आधी ठरवून सुचत नाही. त्या माणसाच्या मागे इतका वेळ चालल्यावरच ते लिहिता येते.

आता राजगादीसाठीच्या लढायांची 'गेम ऑफ थ्रोन्स', कारण तिच्यावाचून ही चर्चा पुरी होत नाही. 19 मे 2019 रोजी ती संपली तेव्हा अखेरचे पर्व पुन्हा लिहून चित्रित करावे, अशा मागणीच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या. त्याच पर्वाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कारही मिळाला. येथेही 'शेवट ठाऊक नव्हता' हे म्हणणे टिकत नाही. मालिका मूळ कादंबऱ्यांच्या पुढे जाणार हे दिसू लागल्यावर त्यांचे लेखक जॉर्ज मार्टिन यांनी कथेचे पुढचे महत्त्वाचे टप्पे निर्मात्यांना सांगितले होते. मुक्काम ठाऊक होता. वाट कापायचा धीर संपला होता. पहिली सहा पर्वे प्रत्येकी दहा भागांची, सातवे सात भागांचे आणि आठवे सहा भागांचे, एवढे आकडेच पुरेसे बोलके आहेत. वाहिनीची तर आणखी पर्वे करण्याची तयारी होती.

या घाईचा परिणाम पाहायचा असेल, तर अंतरांकडे पाहावे. पहिल्या पर्वात उत्तरेतील विंटरफेलहून राजधानी किंग्ज लँडिंगला जायचे म्हणजे महिनाभराचा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर माणसे भांडत, दुखावत, बदलत. सातव्या पर्वात गोठलेल्या तळ्यावर नायकांपैकी एक जॉन आणि त्याचे सोबती मृतांच्या सैन्याने वेढले जातात. तेवढ्या अवधीत एक जण उत्तर सीमेवरच्या भिंतीपर्यंत धावत जातो, तेथून निरोपाचा कावळा दूरच्या ड्रॅगनस्टोनला पोहोचतो आणि राजगादीवर हक्क सांगणारी डेनेरिस ड्रॅगन घेऊन येतेसुद्धा. पुष्कळांनी याची टवाळी भूगोलाची चूक म्हणून केली. माझ्या मते ती त्याहून गंभीर गोष्ट आहे, कारण या मालिकेत प्रवास हेच माणसे घडवण्याचे साधन होते. ते काढून घेतल्यावर डेनेरिस शरण आलेल्या शहराच्या घंटा ऐकूनही ते जाळते, हे आपल्याला कळते, पण पटत नाही.

येथे चाहत्यांच्या, म्हणजे आमच्याही, पदरात थोडे माप घालणे न्याय्य होईल. डेनेरिसने मीरीन शहरात गुलामांच्या 163 मालकांना खांबांवर ठोकले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, आणि शरण न येणाऱ्या टार्ली बापलेकांना तिने जिवंत जाळले तेव्हाही तिच्या बाजूने युक्तिवाद केले होते. खुणा होत्या, आम्हाला त्या पाहायच्या नव्हत्या. नायकाच्या प्रेमात पडलेला चाहता नेहमीच वाईट साक्षीदार असतो. 'ब्रेकिंग बॅड' चालू असताना वॉल्टरला जाब विचारणाऱ्या स्कायलरवर प्रेक्षकांनी इतका राग काढला की ती भूमिका करणाऱ्या ॲना गन यांना 2013 मध्ये त्याविषयी वृत्तपत्रात लेख लिहावा लागला. त्यामुळे चाहत्यांना बोच कुठे लागली हे मी मानतो. ती का लागली, याविषयी त्यांनी दिलेले कारण मात्र तपासून घेतो.

विमान कोसळून बेटावर अडकलेल्या प्रवाशांच्या 'लॉस्ट'च्या बाबतीत तर कारण साफ चुकीचे दिले जाते. 'ते सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते' हे त्या शेवटाविषयीचे सर्वांत लोकप्रिय मत आहे. शेवटच्या भागात नायक जॅकचे वडील त्याला स्पष्ट सांगतात की त्याच्या बाबतीत घडलेले सारे खरे होते. मृत्यूनंतरची आहे ती सहाव्या पर्वात दिसणारी समांतर कथा. मग हा गैरसमज आला कुठून? 23 मे 2010 रोजी शेवटचा भाग दाखवताना श्रेयनामावलीखाली वाहिनीने किनाऱ्यावर पडलेल्या विमानाच्या अवशेषांची दृश्ये जोडली होती, ज्यांत एकही माणूस नव्हता. प्रेक्षकांना शांत होण्यासाठी दोन क्षण मिळावेत, एवढाच हेतू होता. पुष्कळांनी त्याचा अर्थ 'कुणीच वाचले नव्हते' असा लावला. या मालिकेच्या लेखकांनी बरीच कोडी अर्धवट सोडली, ही तक्रार रास्तच आहे. पण बांबूंच्या बनात जॅक आडवा होतो, व्हिन्सेंट नावाचा कुत्रा त्याच्याजवळ येऊन पडतो आणि ज्या डोळ्याच्या उघडण्याने पहिला भाग सुरू झाला तो डोळा मिटतो, हे दृश्य मला आजही दूरचित्रवाणीवरील उत्तम समाप्तींपैकी एक वाटते.

आणखी एक गोष्ट मी घरातच पाहिली आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' मी दर आठवड्याला एक भाग याप्रमाणे पाहिली. सातवे आणि आठवे पर्व यांच्यामध्ये तर ऑगस्ट 2017 ते एप्रिल 2019 एवढी वाट पाहावी लागली. त्या काळात मी आणि माझ्या एका मित्राने अंदाजांची वही भरली होती: जॉनसोबत वाढलेला ब्रॅन हाच मृतांच्या सैन्याचा राजा, नाइट किंग असणार, नाइट किंगला जॉनच मारणार, वगैरे. प्रत्यक्षात ब्रॅनच्या बहिणीने, आर्याने, एका झेपेत त्याचा निकाल लावला तेव्हा आम्हाला आलेल्या रागातला किती भाग मालिकेवरचा होता आणि किती त्या वाया गेलेल्या वहीवरचा, हे आज मला नेमके सांगता येणार नाही. माझ्या धाकट्या बहिणीने तीच मालिका नंतर सुटीत सलग पाहिली. तिला शेवट घाईचा वाटला, पण फसवणूक झाली असे वाटले नाही. आठ वर्षे वाट पाहणाऱ्याच्या डोक्यात एक समांतर मालिका तयार होत असते आणि पडद्यावरची मालिका तिच्याशीही स्पर्धा करत असते. सलग पाहणाऱ्याला ती दुसरी मालिका रचायला उसंतच मिळत नाही.

तीच बहीण 'हाउ आय मेट युअर मदर'च्या बाबतीत मात्र माझ्यापेक्षा कडक आहे. त्या मालिकेच्या डीव्हीडीसोबत एक पर्यायी शेवटही आला होता, ज्यात आईच्या मृत्यूचा उल्लेखच नाही. पावसात, रेल्वे फलाटावर, पिवळ्या छत्रीखाली टेड आणि ट्रेसी यांची भेट होते आणि गोष्ट संपते. बहिणीकडे ती डीव्हीडी नाही, आणि तिला तिची गरजही पडत नाही. दर वेळी मालिका पुन्हा पाहताना ती त्या फलाटापर्यंत येते, दोघांची नावे एकमेकांना सांगून होतात, आणि सोफ्यावरची मुले दिसण्याआधी ती टीव्ही बंद करते.