शुक्रवारी रात्री जायचं कुठे?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा. दोन वर्षांपासून इंदूरला सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत आहे, विजयनगरला तिघा मित्रांनी मिळून फ्लॅट घेतलाय. कंपनीच्या तपासणीत सोनोग्राफी झाली, फॅटी लिव्हर निघालं आणि डॉक्टरांनी दारू पूर्ण बंद करायला सांगितली. केली. पण आमची टीम दर शुक्रवारी पबमध्ये जाते. गेलो तर मी लिंबू-सोडा घेऊन बसतो, बाकीचे ‘एकच घे रे’ करत राहतात आणि रात्री सगळ्यांना घरी सोडायचं काम माझ्याकडे येतं. नाही गेलो तर खोलीत मोबाईल बघत पडून राहतो. या शहरात पिण्याशिवाय रात्री करण्यासारखं काही आहे का? वयाने लहान आहे, अरे-तुरे केलंत तरी चालेल.
— एक वाचक, विजयनगर

उत्तर : तू शुक्रवारपुरताच पीत होतास असं पत्रावरून दिसतं, तेव्हा थेट बंद केलीस ते ठीकच. पण हे सदर रोज पिणारेही वाचतात, म्हणून आधी त्यांच्यासाठी दोन ओळी. रोज आणि भरपूर घेणाऱ्याने एका दिवसात सगळं थांबवलं तर हात थरथरणं, घाम, झोप उडणं आणि कधी कधी फिट येण्यापर्यंत मजल जाते. त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाईन आहे, १४४४६.

आता तुझा शुक्रवार. ‘जाऊ की नको’ एवढ्याच दोन वाटा तू धरून बसलायस. तिसरी वाट म्हणजे बेत तू ठरव. तुमच्या टीममधले सगळे दारूसाठी जीव टाकणारे नसतील. शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी ‘कुठे?’ असं टाकतो, दुसरं काही कुणाला सुचत नाही आणि जवळचा पब ठरतो. माझ्या मोठ्या भावाने सोडली तेव्हा हे मी घरात पाहिलंय. त्याची तगमग संध्याकाळी सात ते नऊ एवढ्यातच असायची. ते दोन तास ठरलेल्या कामात गेले की रात्र सुरळीत जायची, मोकळे राहिले की तो दारापर्यंत चकरा मारायचा. म्हणून तुझा बेत गुरुवारी दुपारीच ग्रुपवर पडला पाहिजे, आणि त्यात वेळ, जागा, माणशी किती पैसे हे तिन्ही असलं पाहिजे. ‘काहीतरी वेगळं करू या का’ असं विचारलंस तर दहा मतं येतील आणि शेवटी पबच ठरेल.

पहिला शुक्रवार बॉक्स क्रिकेटचा ठेव. तुझ्याच भागात आणि बायपासच्या बाजूला जाळी लावलेली टर्फ तासाच्या भाड्याने मिळतात. आठ ते दहाचं बुकिंग कर, दहा-बारा जणांत वाटलं की पबच्या बिलापेक्षा फार कमी पडतं. दोन तास धावलेल्या माणसाला भूक लागते. दहा वाजता सगळे घामाघूम असताना ‘आता सराफ्यात’ म्हण, कुणी नाही म्हणणार नाही.

सराफा तू पाहिला असशीलच, पण पाहुण्यांना दाखवायला गेला असशील. शनिवारच्या गर्दीत नुसतं ढकललं जाणं होतं. शुक्रवारी थोडं उशिरा जा. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री आठ-नऊला शटर खाली आलं की त्याच पेढ्यांच्या ओट्यांवर चुली आणि कढया मांडल्या जातात, आणि रात्री दोनपर्यंत बाजार जागा असतो. हजारो माणसं मध्यरात्री रस्त्यावर आहेत, लहान मुलं आहेत, आज्या आहेत, आणि कुणाच्या हातात पेला नाही. विजयनगरचे पब कालचे आहेत रे. रात्र जागवणं हा या गावाचा फार जुना स्वभाव आहे. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार या कापडगिरण्या बंद पडून किती वर्षं झाली, पण कामगार आणि त्यांची मुलं वर्गणी काढून आजही त्या सजवतात आणि सगळं इंदूर पहाटेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून पाहतं. या वर्षी टीमला घेऊन जा. जेल रोडच्या बाजूला कुणाच्या ओट्यावर जागा मिळाली तर सोडू नकोस.

सराफ्यात जोशींच्या दहीवड्यापुढे थांब. घट्ट दह्यात बुडालेला वड्याचा द्रोण ते डोक्याच्या वर उंच फेकतात, झेलतात, थेंब सांडत नाही. गर्दी तेवढंच पाहून टाळ्या वाजवते. मला त्यांचा मसाला घालतानाचा हात जास्त आवडतो. तिखट, मीठ, जिरं असे वेगवेगळे मसाले एकाच चिमटीत घेतात आणि बोटं अशी सोडतात की प्रत्येकाची रांगोळी वेगळी पडते, एकात एक मिसळत नाही. पुढे भुट्ट्याचा कीस. ताजं कणीस किसून तुपात परततात, दुधात शिजवतात, वरून जिरावन हा इथला मसाला, खोबरं, लिंबू. हिवाळ्यात गराडू हा कंद मिळतो, तळून, जिरावन भुरभुरून, गरम गरमच खायचा.

पण तुझं लिव्हर विसरू नकोस. दारू सोडलेल्याला गोड खावंसं फार वाटतं, आणि फॅटी लिव्हरला साखर आणि तळण दोन्ही वाईट. सराफ्यातला जलेबा तळहाताहून मोठा असतो. तो चौघांत एक. तुझ्यासाठी दहीवडा, अर्धी प्लेट कीस, आणि मग राजवाड्यावरून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपर्यंत, पायी चक्कर. दर आठवड्याला सराफा नको, महिन्यातून एकदा पुरे.

उरलेल्या संध्याकाळींपैकी एखादी माझ्या मते नाटकाला दे, टीम आली नाही तरी एकट्याने. परगावातून आलेल्या मराठी मुलांना हे माहीतच नसतं म्हणून जरा जास्त लिहिते. इथे सानंद न्यास ही संस्था आहे, वार्षिक सभासदत्व घ्यायचं. मुंबई-पुण्याची मराठी नाटकं ते इंदूरला आणतात, आणि सभासद इतके की गट पाडून एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग करावे लागतात. प्रयोग खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात होतात. गटांना नावं दिलीत ती मामा मुजुमदार, रामूभैया दाते, राहुल बारपुते अशा इंदूरच्याच माणसांची. मध्यंतरात बाहेर चहा घेताना तुझ्या शेजारी लोकमान्यनगरचे कुणी काका उभे असतील, ‘कुठले तुम्ही?’ विचारतील, सांगली म्हटलंस की त्यांचं आजोळ तिकडेच कुठेतरी निघेल. तुझ्या पत्रात मला दारूपेक्षा ही उणीव जास्त दिसली. दोन वर्षं झाली आणि ऑफिसबाहेरचं एकही माणूस पत्रात नाही. रविवारी जेवायला बोलावणारं एखादं घर जोड, रामबाग किंवा सुदामानगर, कुठलंही.

शनिवारची पहाट हा तुझा राखीव पत्ता आहे, शुक्रवारी रात्री लवकर उठून जायला त्याच्याइतकं चांगलं कारण नाही. ‘सकाळी सहाला सिरपूरला पोचायचंय’ म्हणायचं आणि निघायचं. धार रोडवरचा सिरपूर तलाव होळकरांच्या काळातला. अतिक्रमण आणि कचऱ्याने तो गेल्यातच जमा होता. चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या नेचर व्हॉलंटियर्सनी तो लावून धरला. २०२२ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला, इंदूरजवळचा यशवंत सागर तलावही त्याच वर्षी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक उतरलेले असतात, आणि वारकरी तर थव्याने. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, एकदा पाहिलास की नाव विसरणार नाहीस. दुर्बीण उसनी मिळाली तर बघ. परतताना उसळ-पोहे खा, जिलबी मित्राला दे.

राहिली दोन कामं. ‘एकच घे रे’ला उत्तर एकदाच आणि तोकडं दे, ‘डॉक्टरांनी बंद केलीय’. लिव्हर, सोनोग्राफी, आकडे काही सांगू नकोस. जितकं सांगशील तितका वाद घालायला त्यांना जागा मिळते. आणि गाडी काढायचं बंद कर. दारू पिऊन त्यांनी चालवू नये हे अगदी खरं, त्यासाठी फोनवर टॅक्सी मिळते. पब ठरला त्या दिवशी तू आठला जा, खाऊन साडेनऊला उठ, स्वतःच्या वाटेने घरी ये. मात्र सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने पब टाळलास तर बरं.

प्रश्न : सौ. ताईंना स. न. वि. वि. माझ्या यजमानांनी गेल्या डिसेंबरपासून दारू सोडली आहे, मनापासून सोडली आहे. त्यांच्या कॉलेजच्या मित्रांचं संमेलन दर ऑगस्टमध्ये एखाद्या फार्महाऊसवर होतं आणि तिथे दुपारपासूनच पिणं सुरू होतं. यंदा आयोजनाची पाळी आमची आहे. सहा जोडपी, सगळे पन्नाशी उलटलेले. नाही म्हणणं बरं दिसत नाही, आणि हो म्हणायला भीती वाटते. यजमान पूर्वी छान तबला वाजवायचे, आता पेटीत पडून आहे.
— एक भगिनी, सुदामानगर

उत्तर : पाळी तुमची आली हे मला चांगलंच वाटतं, जागा तुमच्या हातात आहे. फार्महाऊस पहिल्यांदा बाद करा. तिथे दिवसभर करायला काही नसतं, म्हणून दुपारीच बाटली निघते.

माझा सल्ला : सकाळी मांडू, मुक्काम महेश्वरला. मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२५ पासून १९ धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद केली, त्यात उज्जैन, ओंकारेश्वर, मंडलेश्वरबरोबर महेश्वरही आहे. म्हणजे रात्री कुणाला हुक्की आली तरी कोपऱ्यावरून आणायची सोय नाही, आणि नकार तुम्हाला द्यावा लागत नाही. एरवी असली बंदी किती उपयोगाची यावर वाद होईल, तुमच्या त्या एका रात्रीपुरती ती फार उपयोगाची आहे.

मांडू इंदूरहून शंभरेक किलोमीटर. ऑगस्टमध्ये मांडूइतकं सुंदर आपल्याकडे दुसरं काही नाही हे माझं ठाम मत आहे. मुंज तलाव आणि कपूर तलाव भरले की मधला जहाज महाल खरोखर पाण्यावर उभा राहतो. रूपमतीच्या मंडपात वर जा, ढग उघडले तर खाली निमाडचा सगळा सपाट मुलूख दिसतो. जेवणात दाल-पानिये सांगून ठेवा, मक्याचे, पानांत ठेवून विस्तवावर भाजलेले, वर तूप. पन्नाशीची माणसं इतकं चालली आणि जेवली की दुपारी झोपच काढतात.

महेश्वरला पावसाळ्यात नर्मदा चढलेली असते, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, होड्या बंद असू शकतात. होडीवर बेत ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी अहिल्यादेवींचा वाडा, त्यांची साधी गादी, आणि रेहवा सोसायटीचे माग पाहा. १९७९ पासून तिथे विणकरांचं काम चालतं. किल्ल्याच्या भिंतीवरची नक्षी साडीच्या काठात ओळखा, बायकांचा तास कसा गेला कळणार नाही.

आणि तबला. आजच पेटीतून काढा. इतके महिने पडून होता म्हणजे शाई आणि वाद्या बघायला लागतील, दुरुस्तीला वेळ जातो. संध्याकाळी सातला बैठक मांडा आणि यजमानांना साथीला बसवा. मित्रांत गाणारा एक तरी असतोच, त्याला आधी फोन करून पेटी आणायला सांगा. हातात तबला असलेल्या माणसाला कुणी पेला देत नाही.

मुक्काम कुणाला जमत नसेल तर एका दिवसाचा बेतही आहे. पातालपाणी ते कालाकुंड मीटरगेजची हेरिटेज गाडी, डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली. ज्या मार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं, त्याचाच हा घाटातला तुकडा. बोगदे, दऱ्या, आणि कालाकुंडला उतरून पानाच्या द्रोणातला कलाकंद. पावसाळ्यात शनिवार-रविवारची तिकिटं भराभर जातात, वेळापत्रक रेल्वेच्या संकेतस्थळावर पाहून आधीच काढा. पातालपाणीचा धबधबा मात्र कठड्याच्या अलीकडूनच पाहायचा. २०११ मध्ये अचानक लोंढा आला आणि मधल्या दगडांवर उभी असलेली माणसं वाहून गेली. पाणी वर डोंगरात पडतं आणि खाली ऊन असतं.

निमंत्रणातच लिहा, ‘यंदा संमेलन मद्याशिवाय’. एवढे तीन शब्द, कारण नको. ज्याला ते जमणार नाही तो घरीच ठरवेल, पिशवीत बाटली घेऊन महेश्वरच्या खोलीत उघडणार नाही. हा फोन मित्रांना यजमानांनी स्वतः करावा, तुम्ही नको. खोल्या आताच राखा, श्रावणात तिथे गर्दी असते. आणि मांडूहून चारच्या सुमाराला निघा. महेश्वर तिथून सुमारे चाळीस किलोमीटर आहे, पण पावसात घाटात धुकं उतरतं, अंधार पडायच्या आत वाटेतलं धामनोद गाठलेलं बरं.