‘कुडोज’ कोणाला आणि कशाबद्दल?

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘कुडोज’ हा शब्द सारखा दिसतो. साहेबांना बढती मिळाली तेव्हा मी ‘कुडोज ऑन युअर प्रमोशन’ असं लिहिलं. सहकारी म्हणाला, चुकलं. काय चुकलं? आणि शाबासकी एकालाच द्यायची असेल तर ‘कुडो’ म्हणायचं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी ‘कुडो’चं बघू. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ कीर्ती, विशेषतः रणांगणावर मिळवलेली. होमरच्या काव्यात तो पुष्कळदा येतो. ग्रीक शिकणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या बोलीतून तो 19व्या शतकात इंग्रजीत रुळला. शेवटचा ‘एस’ मूळ शब्दातलाच आहे, ‘केऑस’मध्ये असतो तसा, त्याचा अनेकवचनाशी संबंध नाही. लोकांना मात्र ते अनेकवचन वाटलं आणि 1920च्या दशकापासून ‘कुडो’ छापलेलं दिसू लागलं. इंग्रजीत असं पूर्वीही झालंय : वाटाण्याचा ‘पीज’ एकवचनी होता, ‘एस’चा आवाज गाळून ‘पी’ तयार झाला. ‘पी’ पचला, ‘कुडो’ अजून अनेक संपादकांना खटकतो. तेव्हा एक माणूस असो की दहा, ‘कुडोज’च लिहा. क्रियापद लागलंच तर एकवचनी, ‘कुडोज इज ड्यू टू...’ असं. ‘मेनी कुडोज’ टाळा.

आता रचना. ‘कुडोज टू’नंतर माणूस, ‘फॉर’नंतर काम : ‘कुडोज टू द अकाउंट्स टीम फॉर फिनिशिंग द ऑडिट ऑन टाइम.’ इथे ‘टू फिनिश’ म्हणू नका. ‘फॉर’नंतर नाम किंवा ‘आयएनजी’चं रूप हवं. काम नेमकं लिहा. नुसतं ‘कुडोज टू ऑल’ वाचून कोणाचं काय आवडलं ते कळत नाही, आणि खरंच राबलेल्या माणसाचं श्रेय त्यात हरवतं.

तुमच्या वाक्यात ‘ऑन’ खटकतो, पण खरी अडचण प्रसंगाची आहे. कुडोज केलेल्या कामाला मिळतात. बढती, लग्न, बाळाचा जन्म या आनंदाच्या घटना; तिथे ‘काँग्रॅच्युलेशन्स ऑन’ हवं. परीक्षेला निघालेल्यालाही कुडोज नाहीत, त्याला ‘ऑल द बेस्ट’.

शिवाय शब्द अनौपचारिक आहे. बरोबरीच्यांना किंवा हाताखालच्यांना शोभतो. साहेबांना लिहिला तर आपणच त्यांचं काम तपासून पास केल्यासारखं वाटू शकतं. ‘शाब्बास’ आपण थोरांना म्हणत नाही, तसंच. त्यांच्या कामाचं कौतुक करायचं तर ‘थँक यू फॉर’ने सुरुवात करून त्यांनी काय केलं ते लिहावं. मराठीत कुडोजला सर्वांत जवळचं आम्हाला ‘मानलं तुला!’ वाटतं.

प्रश्न : उच्चार कसा करायचा?
– एक वाचक, पणजी

उत्तर : ब्रिटनमध्ये ‘क्यूडॉस’, अमेरिकेत ‘कूडोस’ किंवा ‘कूडोज’. आपल्याकडे अमेरिकी उच्चार रुळलाय, तो वापरायला हरकत नाही.